केंद्राचं कर्ज म्हणजे देशाचं कर्ज नव्हे

मा. संपादक, स.न.

मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. परवा एका मुलीने पेपरातलं कात्रण वहीत चिकटवून आणलं, देशांच्या कर्जाचा तक्ता, जीडीपीच्या किती टक्के ते, त्यात भारत ५७ आणि जर्मनी ६३, आणि बाजूला तिने निळ्या पेनाने लिहिलेलं "आपण जर्मनीपेक्षा बरे". मला वाचून खरंच वाईट वाटलं कारण चूक तिची नाहीये. आपला ५७ चा आकडा फक्त केंद्र सरकारचा आहे, आणि जर्मनीच्या आकड्यात तिथलं केंद्र, सगळी राज्यं, नगरपालिका, वर सोशल सिक्युरिटीचे फंड असं सगळं एकत्र धरलेलं असतं, युरोपीय संघाची कर्जावरची ६० टक्क्यांची मर्यादासुद्धा असंच सगळं मिळून मोजतात. आपण आपली राज्यं मिळवली की ८० च्या आसपास जातो. आपल्याच एफआरबीएम कायद्यात (सरकारच्या तुटीला आणि कर्जाला लगाम घालणारा कायदा) २०१८ च्या दुरुस्तीत केंद्राला ४० आणि केंद्र-राज्य मिळून ६० अशी दोन वेगळी टार्गेट लिहिलीत, म्हणजे हा फरक काही नवीन नाही, तो वाचकापर्यंत पोचत नाही एवढंच.

तुटीचंही तेच. सरकारी कंपन्यांचे शेअर विकून आलेले पैसे आपल्या बजेटमध्ये जमेला धरतात आणि तूट तेवढी कमी दिसते, आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या) पद्धतीत मात्र तो तूट भरून काढायचा पैसा, त्याने तूट घटत नाही. वावर विकून आलेल्या पैशाला घरात कोणी पगार म्हणतं का? आणि एफसीआयचं, म्हणजे सरकारी अन्न महामंडळाचं बघा, धान्याच्या सबसिडीसाठी अल्पबचत फंडातून काढलेलं कर्ज कितीतरी वर्षं तुटीत येतच नव्हतं, २०२१ च्या बजेटमध्ये ते पुस्तकात घेतलं तेव्हा २०२०-२१ च्या अन्न सबसिडीचा आकडा १.१५ लाख कोटींवरून ४.२२ लाख कोटींवर गेला (त्यात कोविडचं मोफत धान्यही होतं). त्या आधीच्या वर्षांची तूट दुसऱ्या देशाशी ताडून बघितली असेल तर ती तुलना कशी धरायची?

जपान २०० च्या वर म्हणून लगेच बुडाला म्हणतात, पण तिथल्या सरकारकडे आर्थिक मालमत्ताही भरपूर आहे, ती वजा केली की आकडा बराच खाली येतो.

म्हणून कळकळीची विनंती, असा तक्ता छापताना खाली एक ओळ द्या, केंद्र की केंद्र-राज्य मिळून, एकूण की निव्वळ (म्हणजे मालमत्ता वजा करून), आणि कुठलं वर्ष, कारण अमेरिकेचं आर्थिक वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं आणि आपलं एप्रिलला. बारीक टायपात दिलीत तरी चालेल, मुलं वाचतात.

आपली,
एक शिक्षिका, सांगली