अरबी आडनावांतील धंद्यांचा साचा

महोदय,

अरबी नावांचे अर्थ आपल्या वर्तमानपत्रांतून अधूनमधून छापले जातात, तेव्हा हद्दाद म्हणजे लोहार, नज्जार म्हणजे सुतार, खब्बाज म्हणजे पाव भाजणारा अशी सुटी यादी वाचकाच्या हाती पडते. हे सारे शब्द एकाच साच्यातून निघाले आहेत, ही त्यांतली खरी गंमत मात्र सांगायची राहून जाते.

अरबी शब्दाचे मूळ बहुधा तीन व्यंजनांचे असते. ख, य आणि त या तीन व्यंजनांपासून ‘खैत’ म्हणजे धागा, ‘मिख्यात’ म्हणजे सुई, ‘खियाता’ म्हणजे शिवणकाम आणि ‘खय्यात’ म्हणजे शिंपी असे शब्द घडतात. मधल्या व्यंजनाचे द्वित्त करून (तेच व्यंजन दोनदा उच्चारून) त्यापुढे ‘आ’ हा स्वर जोडला की ते काम वारंवार, सवयीने करणारा माणूस सूचित होतो. म्हणूनच सतत खोटे बोलणाऱ्यालाही अरबीत याच घडणीने ‘कज्जाब’ म्हणतात. हमाल, दलाल आणि सराफ हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्दही याच साच्यातले, फक्त मराठीत येताना त्यांचे द्वित्त गळाले.

साच्याकडे दुर्लक्ष झाले की अर्थ चुकतो. बगदादमध्ये जन्मलेल्या विख्यात वास्तुविशारद झाहा हदीद यांचे आडनाव हद्दादच्याच मुळातले आहे, पण त्याचा अर्थ लोखंड असा आहे, लोहार असा नव्हे. (आपला ‘हद्द’ हा शब्दही त्याच मुळाचा.)

नावावरून व्यवसाय ठरवतानाही सबुरी हवी. ‘सफ्फार’ म्हणजे तांबट; नवव्या शतकात सफ्फारी राजवट स्थापन करणारा, इराण-अफगाणिस्तान सीमेवरच्या सिस्तान प्रांतातला याकूब खरोखरच तांबट होता. उलट १७९९ मध्ये नेपोलियनला पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील अक्का शहराचा वेढा उठवायला लावणाऱ्या तिथल्या ओटोमन सुभेदार अहमद पाशाला ‘अल-जज्जार’, म्हणजे खाटीक, हे नाव त्याने केलेल्या कत्तलींमुळे पडले.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. हद्दाद, नज्जार, खय्यात ही आडनावे अरब मुलखांतल्या मुसलमानांत आहेत, ख्रिस्ती लोकांत आहेत आणि तिथून आलेल्या ज्यू कुटुंबांतही आहेत, कारण ऐरण आणि रंधा कोणा एका धर्माच्या मालकीचे कधीच नव्हते. तरीही बातमीत असे आडनाव दिसताच आपण त्या माणसाचा धर्म गृहीत धरतो, हे मला फार खटकते.

आपल्या भाषाविषयक लेखनात अशा नावांचा अर्थ देताना त्यांचे मूळ आणि घडणही द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक