शिबिराच्या बातमीतला गाळलेला आकडा

महोदय,

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषय निघाला की ‘खेड्यातल्या बायका तपासणीला पुढेच येत नाहीत’ हे हमखास ऐकवले जाते. मजुरी बुडवायची, लेकरू कोणाकडे तरी ठेवायचे, काही दुखत-खुपत नसताना लांबचा दवाखाना गाठायचा आणि तिथे अनोळखी डॉक्टरसमोर टेबलावर झोपायचे! शिकल्यासवरलेल्या बायकाही हे टाळतात.

खरे तर हा आजार भरपूर सवड देतो. एचपीव्ही विषाणूच्या संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत सहसा १५-२० वर्षे जातात. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. या चाचणीचा नमुना आता बाईला स्वतःच, आडोशाला, छोट्या ब्रशने घेता येतो. तिशीनंतर दर ५ ते १० वर्षांनी ती केली तरी चालते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आरोग्यसेविकेने किट घरी नेऊन दिले की निम्मी अडचण सरली.

उरलेली निम्मी मात्र अहवालानंतरची. शिबिर होते, फोटो निघतात, अहवाल येतो तो नवऱ्याच्या मोबाइलवर! संसर्ग शरीरसंबंधातून होतो एवढेच घरात कळले की संशय सुरू. हा संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो, हे कोणी सांगत नाही. निरोप बाईलाच, एकटीला आणि समजावून दिला पाहिजे. कर्करोगाच्या पूर्वावस्थेतला दोष बहुतेकदा थर्मल अॅब्लेशनने, म्हणजे उष्णता देऊन, काही मिनिटांत, भूल न देता जाळता येतो. उपकरण हातात मावते, प्रशिक्षित परिचारिकाही ते वापरू शकते. मग ते गावाजवळच्या केंद्रात का नसावे? कर्करोगाचाच संशय असेल तर मोठे रुग्णालय हवेच, पण नुसती चिठ्ठी नको, सोबत माणूस आणि गाडीभाडेही द्यावे.

२०३० साठीच्या जागतिक उद्दिष्टात ९० टक्के मुलींना लस आणि ७० टक्के महिलांची तपासणी यांच्यानंतर दोष आढळलेल्या ९० टक्के महिलांवर उपचार, असा तिसरा आकडा आहे. शिबिराच्या बातम्यांतून नेमका तोच गळतो. किती जणींत दोष आढळला आणि त्यातल्या किती जणींवर उपचार पूर्ण झाले, हे आपल्या बातमीदारांनी तीन महिन्यांनी आयोजकांना विचारावे आणि छापावे, ही विनंती.

– एक वाचक