२५० आलंच नाही

सांगली

प्रिय बाळ्या,

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा थंडीत धरतो. दादाला साखरेची गोळी सुरू झालीय, तरी वहिनीची नजर चुकवून पेढा खातोच. झालं, तब्येतीचं संपलं.

पत्राचं कारण दादाच्या कर सल्लागाराच्या ऑफिसात गेल्या आठवड्यात घडलं. इथं ज्याला सांगावं तो म्हणतो, "मग त्यात काय एवढं?" तू तसं म्हणणार नाहीस.

मी दादासाठी मेल पाठवायचा प्रोग्रॅम लिहिला, हे तुला फोनवर अर्धवट सांगितलं होतं. त्याच्या पार्ट्यांना, म्हणजे गिऱ्हाइकांना, दर महिन्याला आठवण द्यावी लागते. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण), २० च्या आत ३बी (कर भरायचं विवरण), शिवाय जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ ला आगाऊ कर. ३बी चुकला की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि भरायच्या रकमेवर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज वेगळं. इतकी वर्षं वहिनी वही उघडून एकेकाला मेल टाकायची. जीमेलात ठरल्या वेळी मेल पाठवायची सोय २०१९ पासून आहे, मलाही माहीत आहे. पण दादाचा पत्ता त्याच्या स्वतःच्या डोमेनचा, आणि प्रत्येक पार्टीचा कराचा आकडा निराळा. म्हणून पायथन घेतलं. खिडकी पायथनच्याच टीकिंटरची आणि सगळा डेटा एसक्यूलाइट डेटाबेसच्या एका फाइलीत. विंडोजचा टास्क शेड्युलर दर पाच मिनिटांनी प्रोग्रॅमला उठवतो. तो टेबलात बघतो, वेळ झालेल्या मेल पाठवतो आणि परत झोपतो. मशीन बंद राहिलं तरी बिघडत नाही, चालू झालं की राहिलेल्या मेल निघतात.

तर १७ तारखेला सकाळी ३बी च्या मेल निघाल्या आणि मधेच लाईट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, राऊटर नव्हता. मी लॉग, म्हणजे प्रोग्रॅमची नोंदवही, उघडला. आधीच्या सगळ्यांपुढे 'गेली', नंतरच्यांपुढे 'बाकी'. मधल्या एका मेलपुढे 'पाठवतोय'. आपल्या मार्केट यार्डातल्या हळदवाल्या काकांची मेल. सर्व्हरशी झालेलं बोलणं खाली ओळीने होतं. मेल फ्रॉम (कुणाकडून), त्यावर सर्व्हरचं २५०, म्हणजे 'ठीक'. आरसीपीटी टू (कुणाला), २५०. डेटा, ३५४, म्हणजे 'मजकूर दे'. मग पूर्ण मजकूर, आणि शेवटी मजकूर संपल्याची खूण म्हणून ओळीवर एकटा टिंब. त्यानंतर सर्व्हरकडून २५० यायला हवं होतं, ते आलंच नाही.

आता सांग, मेल गेली की नाही? टिंब पोचायच्या आधी लाइन तुटली असेल तर नाही गेली. टिंब पोचून परतीच्या वाटेवर २५० हरवलं असेल तर गेली. आमच्या बाजूने दोन्ही अगदी एकसारखं दिसतं. दादा म्हणाला, "फोन करून विचार की." केला. काका सौद्यात होते. "मेल मुनीम बघतो, आणि मुनीम गावाला गेलाय," म्हणाले, आणि फोन ठेवला. शेवटी आकडा मी व्हॉट्सॲपवर टाकला. काकांचा प्रश्न मिटला, माझा नाही.

तुला आपलं हॉस्टेलवरचं भांडण आठवलं असेलच. तू म्हणायचास, आधी पाठवायचं, मग नोंद करायची. मी म्हणायचो, आधी नोंद, मग पाठवणं. मेसमध्येही तू आधी जेवायचास आणि मग वहीत सही करायचास, तीही पक्याने आठवण केली तर. तुझ्या पद्धतीत मेल कधीकधी दोनदा जाते, माझ्या पद्धतीत कधीकधी जातच नाही. तिसरी पद्धत नाही, यावरून त्या रात्री आपण पक्याला झोपू दिलं नव्हतं.

तेव्हा तो वाद होता, आता काकांचे पैसे आहेत. मेल दोनदा गेली आणि मुनिमाने चलन दोनदा भरलं, तर जादा रक्कम जीएसटीच्या कॅश लेजरमध्ये (खात्यात) पडून राहणार. बुडत नाही, पण हंगामात व्यापाऱ्याचा पैसा अडकतो. मेल गेलीच नाही तर लेट फी आणि व्याज. आणि मला सगळ्यात जास्त खातं ते हे, की लोकांनी आता स्वतःच्या तारखा लिहून ठेवणं सोडलंय. 'दादांची मेल येते' म्हणतात. ज्याच्यावर माणसं इतकी विसंबलीत त्याने गुपचूप गप्प राहावं, हे मला सहन होत नाही. म्हणून बाळ्या, तुझं बरोबर होतं असं लिहितोय. फ्रेम करून लाव.

शोधाशोध केली तर हा घोळ फार जुना निघाला. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवलेले कागद. जॉन पोस्टेलने एसएमटीपीचा, म्हणजे मेल पाठवायच्या पद्धतीचा, आरएफसी ८२१ लिहिला १९८२ मध्ये, आणि १९८८ च्या आरएफसी १०४७ चा विषयच मुळी दोनदा जाणाऱ्या मेल! सर्व्हर टिंबानंतर उत्तर द्यायला वेळ लावतो, पाठवणारा कंटाळून लाइन तोडतो आणि नंतर तीच मेल पुन्हा पाठवतो. म्हणूनच २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्ये शेवटच्या टिंबानंतर दहा मिनिटं वाट बघा असं लिहिलंय. माझ्या प्रोग्रॅममध्ये आता तेवढीच मुदत आहे. वाचून इतकं बरं वाटलं! आपण दोघं ज्यावर रात्रभर भांडलो त्यावर मोठ्या माणसांनी कागद लिहून ठेवलेत.

पण राऊटरच बंद झाल्यावर दहा मिनिटं थांबून उपयोग काय? त्यावर मी एक युक्ती केलीय आणि तुला त्यातलं भोक शोधायचंय. दादाच्या होस्टिंगवर प्रोग्रॅममधून गेलेली मेल सेंट फोल्डरमध्ये उमटत नाही. म्हणून प्रत्येक मेलची बीसीसी, म्हणजे छुपी प्रत, ऑफिसच्याच पत्त्यावर टाकतो. दोन्ही पत्ते एकाच व्यवहारात जातात. आरसीपीटी टू दोनदा, पण डेटा एकदा, टिंब एक आणि २५० ही एकच. म्हणजे ऑफिसची प्रत आली, तर सर्व्हरने काकांचीही मेल ताब्यात घेतलीच. मेसेज-आयडी, म्हणजे मेलची ओळखखूण, मी आधीच ठरवून टेबलात लिहितो. लाइन परत आली की प्रोग्रॅम आयमॅपने (सर्व्हरवरची मेल वाचायची पद्धत) ऑफिसच्या इनबॉक्समध्ये तो आयडी शोधतो. सापडला तर 'गेली'. नाही सापडला तर अर्धा तास थांबून पुन्हा बघतो, आणि मगच त्याच आयडीने परत पाठवतो. प्रत अर्ध्या तासानंतर आली तर मेल दोनदा जाणार, हे मला दिसतंय. आणखी काय सुटतंय?

दुसरं, तुझ्या तिकडची एक पार्टी आहे, तिला तिथल्या सकाळी दहालाच मेल हवी. तू नेहमी म्हणायचास, वेळ यूटीसीतच, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेतच ठेव. इथं मी ऐकलं नाही. मार्चमध्ये तुमची घड्याळं पुढे सरकतात आणि आपल्यातलं अंतर साडेदहा तासांचं साडेनऊ होतं. थंडीत यूटीसी करून ठेवलेली मेल उन्हाळ्यात अकराला पोचेल. म्हणून टेबलात 'सकाळी १०, न्यूयॉर्क' असंच लिहितो आणि यूटीसी ऐन वेळी काढतो. यावर भांडायचं असेल तर मी तयार आहे.

घर लागलं का नीट? चिमीची शाळा, तुझी नवी नोकरी, सगळं सविस्तर लिही. संध्याला सांग, तिने मागितलेला काळा मसाला आईने करून ठेवलाय, येणारं कुणी भेटलं की पाठवतो.

कोड वेगळ्या मेलने पाठवतोय. टिंबानंतरचा भाग नीट वाच आणि पुढच्या महिन्याच्या १७ च्या आत कळव. फोन केलास तरी चालेल, फक्त आमच्या पहाटे तीनला नको.

तुझा,
विजू