गणिताचे सर आणि चित्रकलेचा तास

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत संगणकाने तयार केलेल्या चित्रांवरचा लेख वाचला. लेखकाची काळजी समजते, पण संगणक चित्रकाराच्या दारात आत्ताच येऊन उभा राहिला, हे काही पटलं नाही. साठ वर्षांपूर्वी एका चेक चित्रकाराने त्याला आपणहून बोलावून कामाला जुंपलं होतं, आणि तो पेशाने शिक्षक होता.

झ्देनेक सीकोरा (१९२०-२०११) यांचा जन्म ओहर्झे नदीकाठच्या लौनी गावातला, मृत्यूही तिथलाच. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या अध्यापन शाखेत त्यांनी १९४७ ते १९८० शिकवलं. म्हणजे मास्तर घडवणाऱ्या ठिकाणी. आम्हा एलिमेंटरी-इंटरमिजिएटवाल्यांना याचं अप्रूप वाटणारच!

सुरुवातीला ते नदीकाठची निसर्गचित्रं करत. १९५९ मध्ये लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मातीस यांची चित्रं पाहिली आणि पुढे झाडं-पाणी सुटत जाऊन रंगांचे सपाट आकार तेवढे उरले. मग आल्या चौकटी. कॅनव्हासवर चौकोनांची जाळी आखायची, चौकोनाचौकोनात अर्धवर्तुळासारखा साधा आकार बसवायचा, तो शेजाऱ्याशी कसा जुळेल याचे नियम ठरवायचे. जाळी वाढली तसा हिशेब हाताने आवरेना. १९६४ मध्ये गणितज्ञ यारोस्लाव्ह ब्लाझेक मदतीला आले आणि हिशेब संगणकाकडे गेला. (आमच्याकडे परीक्षा जवळ आली की गणिताचे सर चित्रकलेचा तास मागून नेतात. माझ्या नोकरीत एकानेही तो परत केल्याचं आठवत नाही.)

इथे लेखकाने जरा थांबायला हवं होतं. कोणते आकार घ्यायचे, नियम काय, कुठे गर्दी आणि कुठे मोकळीक, हे सगळं सीकोरांनी ठरवायचं. यंत्राकडून मिळायचे ते आकडे. ते वाचत एकेक चौकोन तैलरंगात हाताने भरायचा, हे काम पुन्हा चित्रकाराचंच. कंटाळवाणी मोजदाद तेवढी यंत्राच्या गळ्यात. आजच्या यंत्राला आपण एक वाक्य सांगतो आणि ते तयार चित्र पुढ्यात टाकतं. या दोन गोष्टी एका पारड्यात कशा घालायच्या?

१९७३ पासून त्यांनी रेषा हाती घेतल्या. रेषेची जाडी, रंग, दिशा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढावी तसे कोणतेही येणाऱ्या, आकड्यांवर सोपवली. नियम इतका कोरडा, आणि पांढऱ्या कॅनव्हासवर रेषा अशा वळतात, एकमेकींवरून जातात, की मला तरी ओहर्झेचं पाणीच दिसतं. १९८५ नंतर पत्नी लेन्का यांच्या जोडीने त्यांनी ही चित्रं केली.

या विषयावर पुन्हा काही छापणार असाल, तर यातलं एखादं रेषाचित्र जरूर घ्या. मात्र रंगीत पानावर. काळ्या-पांढऱ्यात कोणती रेषा कुठे गेली, काही कळायचं नाही.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा