बोअर लिहिलं म्हणून मार्क कापला

मा. संपादक, स. न. वि. वि.

माझा नातू चौथीत आहे, मागच्या आठवड्यात परिसर अभ्यासचा पेपर घरी घेऊन आला. प्रश्न होता, तुमच्या गावाला पाणी कुठून मिळतं, दोन स्रोत लिहा. पोराने लिहिलं "बोअर आणि टँकर". त्यावर लाल फुली, शेजारी बरोबर उत्तर लिहिलेलं, नदी आणि विहीर. आता आम्ही जुन्नर तालुक्यातल्या पठारावरची माणसं, खाली कुकडीच्या पट्ट्यात ऊस उभा असतो आणि वर आम्ही उन्हाळ्यात टँकरच्या मागे हंडे घेऊन पळतो, पोराने जे रोज बघितलं तेच लिहिलं. बाईंना मी दोष देत नाही, त्यांच्या हातात उत्तरसूची होती आणि तिच्यात टँकर नव्हता.

मी स्वतः झेडपीच्या शाळेत शिकवून रिटायर झाले म्हणून बोलते. ती फुली न मारता नुसतं विचारलं असतं की बाळा, टँकर कुठं भरतात रे, तर तास तिथूनच सुरू झाला असता. टँकर विहिरीवर भरतात, मग त्या विहिरीला पाणी कुठून, आपल्याच विहिरीला का नाही, पठार, उतार, धरण सगळं ओघाने आलं असतं.

२० ऑगस्ट २०१० च्या जीआरने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. तिसरी-चौथीला १०० पैकी ६० मार्क आकारिकचे, म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प वगैरे, आणि लेखी-तोंडी मिळून संकलित फक्त ४०. कागदावर याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे? पण प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्या शिक्षकांना माहितीय, सत्र संपायच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर वर्णनात्मक नोंदींची पीडीएफ फिरते आणि त्यातनं एकेका पोराच्या नावापुढे "परिसरातील घटकांची माहिती सांगतो" असं उतरवलं जातं. प्रकल्प तर स्टेशनरीच्या दुकानात रेडिमेड मिळतो, चित्रं कापून चिकटवायची, तीही आई चिकटवते. दोन शिक्षकांवर चार वर्ग, त्यात बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, रोज काहीतरी ऑनलाइन भरा, मग निरीक्षण करायचं कधी आणि कुणी? हे मीही केलंय, खोटं कशाला बोलू.

पण एक सहल सांगते. पोरांना नाणेघाटात नेलं होतं. तिथं तो मोठा दगडी रांजण आहे ना, त्याच्याभोवती सगळ्यांना उभं केलं आणि काहीच माहिती न देता विचारलं, हा कशासाठी असेल? एक म्हणाला पाणी प्यायला, घाट चढून माणसं दमत असतील. हेही काही वाईट नाही. मग एक पोरगी, तिचे वडील नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हमाली करायचे, ती म्हणाली, बाई, इथं पावती फाडत असतील. म्हणलं कशावरून? तर म्हणे वाट अरुंद आहे, इथनंच जावं लागतंय, बाजाराच्या गेटवर पण असंच अडवतात. मग मी सांगितलं की सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल ह्याच घाटाने जुन्नरला चढायचा आणि ह्या रांजणात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. त्या पोरीला लेखीत कधी फार मार्क पडले नाहीत. त्या दिवशी तिच्या नावापुढे मी पीडीएफमधलं वाक्य नाही लिहिलं, लिहिलं "कशावरून ते सांगते".

नकाशाचंही तसंच, पुस्तकातल्या नकाशात जिल्हे रंगवून घेण्यापेक्षा मी मैदानात चुन्याने गाव काढून घ्यायचे, देऊळ, चावडी, ओढा, आणि मग दुसऱ्या वर्गातल्या पोराला म्हणायचे ह्या नकाशावरून चालत अमक्याचं घर दाखव. तो चुकला की नकाशा काढणाराच ओरडायचा, अरे ओढा उलट्या बाजूला काढला मी!

आता २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आलीय. परीक्षेला माझा विरोध नाही, पण पाचवीत नापास होईल ह्या धास्तीने तिसरीपासूनच गाईडमधली रिकाम्या जागा पाठ करून घेणं सुरू झालंय हे घरी बसून दिसतंय मला. म्हणून दोनच मागण्या. आकारिकमधले निदान १० मार्क स्वतःच्या गावावरच्या तोंडी प्रश्नांना ठेवा, आणि परिसर अभ्यासच्या प्रत्येक उत्तरसूचीत एक ओळ छापा, "स्थानिक परिस्थितीनुसार उत्तर ग्राह्य धरावे". छपाईला असा किती खर्च येणार?

आणि हो, नातवाचा तो मार्क परत मिळाला. मी शाळेत गेले नव्हते, त्यानेच बाईंना विचारलं, की नदीचं पाणी येतंय तर मग सरपंच टँकर कशाला मागवतात.

एक निवृत्त शिक्षिका,
ता. जुन्नर, जि. पुणे