भोपळ्याचं सूप

माँट्रियल
४ जानेवारी

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर कॅरिबियन बेटांतल्या हैतीचा विषय निघाला, तेव्हा तू म्हणालास, "त्या देशाच्या नशिबातच दारिद्र्य आहे." तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, पण तो शब्द मनातून जाईना. म्हणून लिहायला बसलो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक हैतियन आजी राहतात. १ जानेवारीला सकाळीच त्यांनी जेवायला बोलावलं. चुलीवर हे एवढं पातेलं, त्यात पिवळंधमक 'सूप जुमू'. लाल भोपळा शिजवून घोटलेला, त्यात मांस, कोबी, गाजर, मॅकरोनी, आणि वर तरंगणारी एक अख्खी मिरची. ती फुटू द्यायची नाही, नुसता वास उतरला पाहिजे. आजी सांगत होत्या, गुलामांनी हे रांधायचं, पण तोंडाला लावायचं नाही; खायचं मालकांनी. १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला, म्हणून त्या दिवशी घरोघरी हेच शिजतं.

हैती फ्रेंचांच्या ताब्यात असताना ही वसाहत सँ-दोमँग म्हणून ओळखली जायची. युरोपात खपणारी निम्म्याहून जास्त कॉफी तिथून जायची, साखर तर विचारूच नकोस. राबणारे गुलाम साडेचार लाखांवर. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी उसाचे मळे पेटवले. त्यांचा नेता तुसाँ लुव्हर्त्यूर याला फ्रान्सने कपटाने पकडून नेलं आणि १८०३ मध्ये तो डोंगरातल्या थंडगार किल्ल्यात कैदेतच वारला. पण त्याच वर्षी त्याचा सेनानी देसालीन याने नेपोलियनच्या फौजेला हरवलं.

आणि मग १८२५. फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने १४ युद्धनौका पाठवल्या. स्वातंत्र्याला मान्यता हवी असेल तर १५ कोटी फ्रँक भरा, मळेवाल्यांची 'नुकसानभरपाई' म्हणून. त्या नुकसानीत गुलाम माणसंही धरली होती! म्हणजे ज्यांनी रक्त सांडून स्वतःला सोडवलं, त्यांनीच आपली किंमत मालकाला मोजायची. हैतीचा अध्यक्ष बोये याने तोफांच्या छायेत सही केली. पहिल्या हप्त्यालाच पैसे पुरेनात, तेव्हा कर्जही पॅरिसमध्येच काढावं लागलं. कागदावर ३ कोटी, हातात २ कोटी ४० लाख. आपल्याकडचे सावकार असंच व्याज आधी कापून घ्यायचे, आठवतं ना?

१८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली खरी, पण कर्जावर कर्ज चढतच गेलं. कॉफीच्या निर्यातीवरचा कर त्यात जायचा. शाळा, रस्ते, दवाखाने कशातून बांधणार होते ते? शेवटची फेड झाली १९४७ साली. आमच्या आजी त्याच्या पुढच्याच वर्षी जन्मल्या.

याला तू नशीब म्हणू नकोस रे. मला फार लागलं ते.

आजींनी सूपाचा डबा भरून दिला होता, कालच संपला. उन्हाळ्यात येशील तेव्हा तुला त्यांच्याकडे नेतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच