काकू, तुमच्या त्या चार रंगांच्या रुमालांसाठी

प्रिय काकूंना,
सप्रेम नमस्कार.

नौपाड्यातली आपली इमारत पुनर्विकासाला गेली आणि सगळे पांगले. तुम्ही मुलाकडे पनवेलला गेलात, आम्ही कोलशेतला भाड्याच्या वन बीएचकेत आलो. निघायच्या गडबडीत तुमचे आभार मानायचे राहून गेले. हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय, कारण ठाण्यात सध्या जुन्या इमारती एकामागून एक रिकाम्या होताहेत. आईवडिलांचा सगळा संसार उपसायची वेळ आलेल्या कुणाला तरी तुमची पद्धत नक्की उपयोगी पडेल.

माळा, दिवाण, कपाटांचे कप्पे, सगळं गच्च भरलेलं. बाबा गेल्यापासून आईने एक कागददेखील हलवू दिला नव्हता. नातेवाईक म्हणत, सरळ भंगारवाल्याला बोलवा. ते ऐकलं की आई गप्प व्हायची, जेवणावरून उठायची.

तुम्ही आलात, आईशेजारी बसलात आणि म्हणालात, "वहिनी, आज काही टाकायचं नाही. नुसते कागद लावू."

तुमची हयात महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात गेली, हे मला माहीत होतं. पण तिथलं वर्गीकरण घरात चालेल हे कधी सुचलं नसतं. 'अ' वर्ग कायम ठेवायचा, 'ब' 30 वर्षं, 'क' 10 वर्षं, 'ड' वर्षभराने नष्ट करायचा. प्रत्येक वर्गाचा रुमाल, म्हणजे कागद बांधायचं कापड, वेगळ्या रंगाचा: लाल, हिरवा, पिवळा, पांढरा. रुमाल कुठून आणायचे? तर आईकडे ओटीत आलेल्या ब्लाउजपिसांचा ढीग होताच! लालमध्ये सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घराच्या नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू, गावच्या जमिनीचे फेरफार, बाबांचा मृत्यूचा दाखला. हिरव्यात पेन्शनचे आणि विम्याचे कागद. पिवळ्यात आयकराची विवरणपत्रं, आईच्या ऑपरेशनचे रिपोर्ट. उरलेला डोंगर पांढऱ्यात: भरलेली लाइट बिलं, कधीच बंद पडलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड, लग्नपत्रिका. त्यांतल्या वर्ष उलटलेल्या कागदांपैकी ज्यांवर खाते नंबर होते ते तुम्ही नंतर बारीक फाडायला लावलेत, बाकीचे रद्दीत गेले. चाळीस वर्षांचा कारभार चार गाठोड्यांत बसला, आणि कुठलं गाठोडं कशाचं हे आईला चष्म्याशिवायही कळतं.

पण माझ्या मते खरी किमया पुढे झाली. 1980 च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामाला जी शिस्त लावली, त्या लखिना पॅटर्नबद्दल तुम्ही चहा पिताना सांगितलंत. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे. त्यातला एक 'प्रतीक्षाधीन', म्हणजे दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेला. मग बाबांचा स्वेटर, त्यांची छत्री, तबल्याचा डग्गा, जे उचललं की आईचे डोळे भरायचे, ते सगळं तुम्ही एका ट्रंकेत ठेवलंत आणि वर चिठ्ठी लावलीत: प्रतीक्षाधीन, दसरा. आईला कुणी 'ठेवायचं की द्यायचं' असं विचारलंच नाही. उत्तर नंतर दिलं तरी चालतं, एवढं कळल्यावर तिचा हात मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून जादा पातेली, घागरी आणि दोन स्टोव्ह काढून दिले. जुन्या साड्या बोहारणीला दिल्या, मऊ सुती तेवढ्या गोधडीसाठी ठेवल्या. मुदत संपलेली औषधं आणि फुटका थर्मामीटर तुम्ही ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा बांधायला सांगितलात. पाऱ्याला हात लावू नकोस, म्हणून मला दटावलंतही.

पुस्तकांवर मात्र तुमचा आणि आईचा वाद झाला. तुमचं म्हणणं, 1893 पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आपल्या ठाण्यात असताना कादंबऱ्या घरात कशाला? आईने ऐकलं नाही. बाबांनी समासात पेन्सिलने लिहिलेली पुस्तकं तिने ठेवली, बाकीची जाऊ दिली. मला आईचंच पटलं, काकू, आणि तुम्हीही मग स्वतः ती पुस्तकं पुसून खोक्यात भरलीत.

इथे पलंगाखाली काही नाही. आई रात्री उठली तरी कशाला अडखळत नाही. बँकेतून केवायसीचा फोन आला तेव्हा तिने लाल गाठोडं सोडलं, कागद काढला, परत बांधून ठेवलं. मला ऑफिसात फोनदेखील केला नाही. तुम्ही आमच्या आईला तिच्या घराचा कारभार परत दिलात. याबद्दल मी तुमची आयुष्यभर ऋणी राहीन.

दसरा जवळ आलाय. तुम्ही आल्याशिवाय ट्रंक उघडायची नाही, असं आईने बजावलंय. आदल्या रविवारी या, जेवायलाच या. डग्गा तुमच्या नातवाला द्यायचा तिच्या मनात आहे, पण ते ती स्वतःच विचारणार आहे.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची